तुम्ही विचारलंत म्हणून: एझेउलू या पुजाऱ्याने ते उरलेले याम (कंद) खाऊन का टाकले नाहीत?

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांची कादंबरी ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’ (1964) वाचून झाली की बहुतेकजण हेच विचारतात. पीक शेतात नासतंय, घराघरांत उपासमार आहे. पुजाऱ्याने जास्तीचे दोन कंद खाल्ले की सण जाहीर होईल आणि काढणी सुरू होईल. मग हा म्हातारा अडून का बसतो? नुसता हट्ट?

हट्ट आहेच. पण आधी हिशेब बघा, कारण अख्खी कादंबरी त्या हिशेबावर उभी आहे.

काळ 1920च्या आसपासचा, मुलूख नायजेरियातल्या इग्बो लोकांचा. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद आणि तिथलं मुख्य अन्न. उमुआरोच्या सहा गावांचं सामाईक दैवत उलू, त्याचा मुख्य पुजारी एझेउलू. चंद्रकोर दिसली की तो लोखंडी घंटा वाजवतो आणि बांबूच्या माचीवरच्या पवित्र यामांपैकी एक भाजून खातो. पहिल्याच प्रकरणात तीन खाऊन झालेत, चौथा हातात आहे, आठ उरलेत. आठच असणार हे ठाऊक असूनही तो पुन्हा मोजतो. ही जागा घाईने ओलांडू नका. माचीवर एकच याम उरला की नव्या यामाचा सण जाहीर होतो, आणि सण झाल्याशिवाय नवं पीक कुणी काढायचं नाही. सणाला प्रत्येक कर्ता पुरुष बेण्याचा एक मोठा याम डोक्याभोवती ओवाळून आपल्या गावाच्या ढिगात ठेवतो. त्या ढिगांवरून कोणत्या गावात किती पुरुष आहेत ते कळतं. संख्या घटली तर कारण विचारायला देवऋषी गाठतात. पुढच्या वर्षाचे पवित्र यामही याच ढिगांतून निवडले जातात. पंचांग, शिरगणती, काढणीचा मुहूर्त, सगळं इथे एकत्र बांधलेलं आहे.

यात सरकार कुठून आलं? इंग्रजांना स्थानिक मुखियांमार्फत कारभार हाकायचा होता. इग्बो मुलखात बहुतेक ठिकाणी राजेच नव्हते, म्हणून सनदा देऊन मुखिये नेमले गेले. (ते लोकांना इतके जाचले की 1929 साली बायकांनी उठाव केला.) तिथला इंग्रज जिल्हा अधिकारी कॅप्टन विंटरबॉटम याच्या मनात एझेउलूबद्दल आदर आहे, कारण शेजारच्या ओक्पेरी गावाशी झालेल्या जमिनीच्या तंट्यात तो स्वतःच्या लोकांविरुद्ध खरं बोलला होता. म्हणून मुखियापद त्याला. तो साफ नाकारतो. विंटरबॉटम तापाने अंथरुणाला खिळलेला, हाताखालचा अधिकारी टोनी क्लार्क नवखा. म्हाताऱ्याला ओक्पेरीतल्या सरकारी कचेरीत अडकवून ठेवतात. तेवढ्यात दोन चंद्रकोरी येऊन जातात, त्यांचे याम खायचे राहतात आणि माचीवर एकाऐवजी तीन याम राहतात. आपण एका समाजाचं पंचांग थांबवलंय हे त्या कचेरीत कुणाच्या गावीही नाही. परकी सत्ता काय मोडते हे मला या प्रसंगात सगळ्यांत स्पष्ट दिसतं, कारण इथे मोडण्याचा हेतूसुद्धा नाही.

गावची वडीलधारी मंडळी येतात तेव्हा गणित चुकलं असं कुणी म्हणत नाही. याम खा, पाप आमच्या माथी, एवढंच ते सांगतात. म्हणजे नियम खरा आहे हे त्यांनाही मान्य आहे. पण एझेउलूच्या मनात डूख आहेच: सरकारचं बोलावणं आलं तेव्हा माझी माणसं माझ्यामागे उभी राहिली नाहीत. देवाची आज्ञा कुठे संपते आणि त्याचा सूड कुठे सुरू होतो, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही, आणि अचेबेही आपल्याला सांगत नाहीत. मला विचाराल तर तो खोटं बोलत नाही. नियमाने हात बांधले याचा त्याला आनंद होतो, अपराध तिथे आहे.

या कोंडीवर गुडकंट्री हा चर्चचा प्रचारक तोडगा काढतो: याम आमच्या देवाला वाहा, मग खुशाल काढणी करा, उलूचा कोप तुम्हाला शिवणार नाही. पोटात भूक असलेल्या बापाला धर्मांतराचं प्रवचन लागत नाही. तो मुलाच्या हाती याम देऊन त्याला चर्चमध्ये धाडतो, आणि पुढचं पीक त्या मुलाच्या नावाने काढलं जातं.