हळदीचे हात, काविळीचे डोळे

सांगलीच्या मार्केट यार्डात ऐन हंगामात हळदीची पोती उचलणाऱ्या माणसाच्या हातांवरून कावीळ ओळखता येत नाही. हा हमाल ओपीडीत आला तेव्हा तळवे, नखं, शर्टाची कॉलर सगळं पिवळं. "हळदीचं काम हाय, हात पिवळंच असत्यात," बायको म्हणाली. त्याला खिडकीशी नेलं, वरची पापणी उचलून खाली बघायला सांगितलं. डोळ्याचा पांढरा भाग लिंबाच्या सालीसारखा. हळद तिथवर पोचत नाही.

क्षयाच्या औषधांचा सव्विसावा दिवस. वजन 44 किलो, म्हणून रोज तीन एकत्रित गोळ्या; प्रत्येक गोळीत रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि इथॅम्बुटॉल ही चार औषधं. आठवडाभर मळमळ, जेवण नको, लघवी गडद. लघवीचं खापर रिफाम्पिसिनवर फुटलं होतं. "लाल होईल, घाबरू नका" असं आम्हीच सांगतो. पण गोळीचा रंग डोसनंतर काही तास ठळक असतो, मग फिकटतो. काविळीची लघवी संध्याकाळीही कोऱ्या चहासारखी. हे पुढचं सांगायचं राहून जातं.

पिशवी टेबलावर पालथी केली. जीवनसत्त्व ई च्या हिरव्या कॅप्सूल, जीवनसत्त्व सी च्या चघळायच्या नारिंगी गोळ्या. "लिव्हरला काय होऊ नये म्हणून घेतल्या." त्या भरवशावर आठवडा गेला होता.

कल्पना अगदीच पोकळ नाही. आयसोनियाझिड यकृतात मोडताना विषारी तुकडे तयार होतात, ते निकामी करताना ग्लुटाथायोन, म्हणजे पेशींचं स्वतःचं संरक्षक द्रव्य, खर्ची पडतं. उंदरांना औषधासोबतच ई किंवा सी दिलं तर यकृताची हानी कमी झालेली दिसते. पण तिथं मात्रा, वेळ, खाणं सगळं ठरवून दिलेलं. इथं कमी वजन, रोजची दारू आणि औषध सावकाश पचवणारी जनुकं असू शकतात. माणसांत विसंबावं एवढा पुरावा नाही. क्षयाच्या औषधांसोबत दिलेली बी-6 जीवनसत्त्वाची गोळी तर नसांसाठी असते, यकृतासाठी नव्हे.

यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटी 412, काविळीचा पिवळा रंग देणारं बिलिरुबिन 4.2. लक्षणं असतील तर एसजीपीटीने नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे साधारण 120 ओलांडताच गोळ्या थांबवायच्या. लक्षणं नसली तर पाचपट. तिन्ही गोळ्या त्याच दिवशी बंद. आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, आणि हिपॅटायटिसच्या, विशेषतः ई विषाणूच्या, तपासण्या पाठवल्या. दारूही बंद, हे बायकोसमोर सांगितलं.

एसजीपीटी 80 च्या खाली यायला तीन आठवडे लागले. मग आधी रिफाम्पिसिन आणि इथॅम्बुटॉल, आठवड्याने तपासणी करून आयसोनियाझिड. पायराझिनामाइड परत दिलंच नाही, त्यामुळे सहा महिन्यांचा कोर्स नऊवर गेला.

"मग ह्या हिरव्या?" बायकोने विचारलं.

"असू द्यात. पण लघवी काळी दिसली की ह्या बघत बसू नका, क्षयाच्या गोळ्या थांबवून त्याच दिवशी या."