सुट्टी, पण मजुरीसकट

सोलापूर, ३० एप्रिल

उद्या महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. कामगारांचा सत्कार करून शाल-श्रीफळ जरूर द्यावं, पण आपल्या गावात बिडीची मजुरी हजारावर आणि टॉवेलची नगावर, म्हणजे जेवढं काम तेवढेच पैसे. अशा कामगाराला बिनपगारी सुट्टी म्हणजे बुडालेला दिवस. मान द्यायचा तर आधी उद्याची मजुरी द्यावी.

हिशेब सोपा आहे. मागच्या चार आठवड्यांच्या बिड्यांना कामाच्या दिवसांनी भागायचं. २४ दिवसांत २१,६०० झाल्या असतील तर रोजच्या ९००. तेवढ्यांचे पैसे ठरल्या दराने द्यायचे. घोळ होतो तो भागताना ३० दिवस धरल्यामुळे. मग आकडा ७२० वर येतो आणि १८० बिड्यांची मजुरी बाईच्या पदरातून जाते.

त्याहून वाईट म्हणजे आज संध्याकाळी घरी बिड्या वळायला दोन दिवसांचा माल, म्हणजे पान-तंबाखू, देऊन ‘परवा बिड्या घेऊन या’ म्हणणं. तेंदूचं पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलं की थांबत नाही. उघडं राहिलं तर सुकून कातरीखाली चिरतं, दाबून ठेवलं तर या उकाड्यात बुरशी धरतं. म्हणजे सुट्टीच्या दिवशीही बिड्या वळायचं सूप मांडीवर आलंच. आज माल द्यायचाच नाही. २ तारखेला वाटायचा, ३ तारखेला बिड्या घ्यायच्या.

दुकानांसाठीचा २०१७ चा राज्य कायदा ज्यांना लागू आहे, त्यांना १ मेची भरपगारी सुट्टी द्यावीच लागते. काम करून घेतलं तर दुप्पट पगार आणि बदली रजा. आणि घरकामाच्या मावशींना सुट्टी दिली तर उद्याची भांडी आपणच घासावीत. मोरीत साचवून ठेवलेली भांडी म्हणजे परवाचं दुप्पट काम.

सत्काराच्या मांडवात ई-श्रमचं, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं, एक टेबल लावावं, असं मनापासून वाटतं. वय १६ ते ५९ हवं, आणि पीएफ किंवा ईएसआय (कामगार विमा) नसलेल्यांसाठीच ही नोंदणी आहे. त्यामुळे पीएफ कापला जाणाऱ्या बिडी कामगार त्यात बसत नाहीत. घरकाम, हमाली, बांधकाम करणाऱ्यांना आधी बसवावं. भांडी घासून, विटा उचलून बोटांच्या रेषा झिजतात आणि आधारची ओळख पटवणारं मशीन अंगठा घेत नाही. चार वेळा पुसून दाबायला लावलं की माणूस ओशाळतो, उठून जातो. मोबाइलवरचा ओटीपी हा सरळ मार्ग, पण आधारला जोडलेला फोन बहुधा घरी मुलाकडे असतो. तो बरोबर आणायचा निरोप आजच जायला हवा, आणि टेबल सकाळी आठला, ऊन चढायच्या आत.