माझ्या सहीचा केसपेपर

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रुग्णाची फाइल पुन्हा वाचण्याची माझी सवय आहे. त्या रात्री फाइलच्या तळाशी दोन वर्षांपूर्वीचा एक केसपेपर निघाला : ‘खुब्याच्या बाहेरच्या बाजूस दुखणे. बर्सायटिस. स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले.’ बर्सायटिस म्हणजे खुब्याच्या हाडावरच्या द्रवाच्या पिशवीला, बर्साला, आलेली सूज. खाली सही माझी होती.

रुग्ण अठ्ठावन्न वर्षांच्या, खाणावळ चालवणाऱ्या बाई. गावच त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही. माझ्यानंतर आणखी दोघांनी इंजेक्शने दिली आणि तिसऱ्याने कमरेचा एमआरआय काढून मणक्यातली गादी सरकल्याचे निदान केले. या वयात कमरेचा एमआरआय काढला की काही ना काही सापडतेच, आणि सापडलेल्या गोष्टीवर उपचार करण्याचा मोह आम्हाला आवरत नाही. त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना कळ येते, ही तक्रार प्रत्येक कागदावर आहे. त्यांना एका पायावर उभे करून पाहिल्याची नोंद मात्र एकाही कागदावर नाही. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलनबर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णिलेली ही तपासणी परीक्षेत आम्ही घडाघडा सांगतो. या खेपेला मी मावशींना दुखऱ्या पायावर उभे केले, तेव्हा दुसऱ्या बाजूची कंबर लगेच खाली झुकली. एका पायावर असताना कंबर तोलून धरणारा ग्लुटियस मीडियस हा स्नायू त्याचे काम करत नव्हता, आणि खुब्याच्या एमआरआयमध्ये त्याचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, हाडापासून सुटलेला दिसला.

दुर्बीण घातल्यावर प्रथम सुजलेला बर्सा साफ केला आणि खाली टेंडन दिसला, तो अगदी धडधाकट. सहायक डॉक्टर माझ्याकडे पाहू लागला. हे असेच असते : पुष्कळदा फाटलेले असते ते आतल्या, हाडाकडच्या अंगाला, त्यामुळे वरून पाहणाऱ्याची फसगत होते. प्रोबने, म्हणजे चाचपायच्या बारीक सळईने, दाबताच तो पृष्ठभाग आत गेला, वाळवी लागलेल्या चौकटीवरचा रंग बोटाने दाबावा तसा. तंतूंच्या दिशेने उभा छेद घेतला, तेव्हा खाली उघडे, गुळगुळीत हाड दिसले. ते रक्ताचे बारीक ठिपके उमटेपर्यंत खरवडले, कारण गुळगुळीत हाडावर टेंडन धरत नाही. मध्येच रक्तस्रावाने पडदा लाल झाला. भूलतज्ज्ञांनी रक्तदाब थोडा उतरवला, मी पाण्याचा दाब वाढवला, आणि पाच मिनिटे सगळे गप्प होते. टेंडन हाडाला बांधायला अँकर लागतात, म्हणजे हाडात रुतवायचे, धागे जोडलेले बारीक खिळे. ते पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाचे मत चार अँकर घालावेत असे होते. त्याचे मत नेहमीच चाराचे असते. मी सी-आर्म या एक्स-रे यंत्रावर दिशा पाहून दोन घातले, धागे टेंडनच्या दोन्ही कडांतून ओढून घेतले आणि गाठी मारल्या. शेवटच्या गाठीसरशी टेंडन हाडावर सपाट बसला. तो क्षण मला आजही तितकाच आवडतो, हे कबूल करतो.

खटकते ते वेगळेच. एमआरआयमध्ये स्नायूत चरबीच्या रेषा होत्या, आणि असा स्नायू टेंडन शिवला तरी पूर्वीसारखी ताकद देईलच असे नाही. ती चरबी मी इंजेक्शन दिले तेव्हाही होती का, टेंडन तेव्हाच फाटला होता का, हे कळायला त्या वेळचा एमआरआय नाही, आणि तो मीच सांगितला नव्हता.

सहा आठवडे वॉकर, पाय स्वतःहून बाजूला उचलायचा नाही, असे समजावून सांगताना मी मावशींना ते पहिले इंजेक्शन माझेच होते हे सांगितले. त्यांना ते आठवत होते.

“त्यानं दोन महिने बरं वाटलं होतं हो, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. त्या माझी समजूत घालत होत्या.