सोसायटीचं दप्तर संगणकावर नेताना

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी मंजुरी दिली. ६३,००० संस्था, २,५१६ कोटी रुपये आणि नाबार्डच्या देखरेखीखाली सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर, असा तो आराखडा होता. ऊसपट्ट्यातली आमची विकास सोसायटी ही अशीच एक पतसंस्था. तिचं नाव यादीत आलं तेव्हा मी तिथे गटसचिव, म्हणजे काही सोसायट्यांचा मिळून एक सचिव, होतो. माझ्याकडे इतर सोसायट्याही होत्या, पण सांगावासा वाटतो तो हिचाच अनुभव. इथलं दप्तर नीट होतं, माणसं सरळ होती, आणि तरीही काम महिनोन्‌महिने पुढे सरकत नव्हतं.

संगणक आला, प्रिंटर आला, बॅटरी बसली. माहिती भरायची वेळ आली की मात्र काहीतरी निघायचं. कधी वसुलीची घाई, कधी सभासदांचे आधार क्रमांक मिळाले नाहीत, कधी वीज नाही. आमचे लिपिक तात्या गेली तीस वर्षं किर्द आणि खतावणी लिहीत आले होते. कुणाचं खातं कोणत्या पानावर आहे, हे ते वही न उघडता सांगत. एका संध्याकाळी कार्यालयात दोघंच असताना ते म्हणाले, "सेक्रेटरी, आजवर दर वर्षाचा ताळेबंद त्या त्या वर्षी मिटला. आता सगळ्या वर्षांचा हिशेब एका तारखेला मांडायचा. चार रुपये कुठं चुकले असतील तर मान कुणाची जाणार?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. संस्थेचं सभासदांकडून येणं आणि जिल्हा बँकेचं संस्थेकडून येणं यांत अंतर पडलं, की आम्ही त्याला अनिष्ट तफावत म्हणतो. ती साठते अनेक वर्षांच्या कारणांनी, पण उघडी पडते त्या दिवशी खुर्चीवर बसलेला माणूस सापडतो. संचालकांचीही एक धास्ती होती, ती कुणी बोलून दाखवत नव्हतं. सहकार कायद्यानुसार थकबाकीदार संचालकपदाला अपात्र ठरतो. वहीतून थकबाकीची यादी काढायला आठवडा लागायचा, आता ती हवी तेव्हा समोर येणार होती. गावात भावकी आहे, निवडणुका आहेत. या गोष्टीचं ओझं वरून परिपत्रक पाठवणाऱ्यांना कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

चेअरमन अण्णांशी मी आधी एकट्याने बोललो, मग मासिक सभेत विषय घेतला. ठराव झाला तो असा: जुना फरक सापडला तर तो लगेच लेखी नोंदवायचा, त्याचं कारण शोधायचं, आणि लेखापरीक्षकांनी पाहिल्याशिवाय कुणाही कर्मचाऱ्यावर तो टाकायचा नाही. तात्यांनी ठरावाची नक्कल मागून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून खतावण्या बाहेर काढल्या. प्रशिक्षणाच्या दोन फेऱ्या होऊन जे झालं नव्हतं, ते त्या एका कागदाने झालं.

पुढचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. वाडीवाडीला, देवळात बसून आम्ही सभासदांना त्यांचा खातेउतारा वाचून दाखवला. शेअर्स किती, मुद्दल किती, व्याज किती. एकाच नावाची तीन-तीन माणसं निघाली. गावात ती टोपणनावाने वेगळी, पण संगणकाला आजोबांचं नाव आणि गट नंबर हवा. कित्येक खाती मयतांच्या नावावर होती. एका मावशींना नवऱ्याचे शेअर्स संस्थेत आहेत हेच ठाऊक नव्हतं. त्यांचा वारसाचा अर्ज आम्ही तिथेच लिहून घेतला. वाचून झालं की सही किंवा अंगठा. एरवी दप्तर फक्त लेखापरीक्षक बघतो. इथे ते ज्यांचं होतं त्यांनी पाहिलं, आणि नंतर "संगणकानं आमचं कर्ज वाढवलं" अशी तक्रार जवळजवळ आलीच नाही. व्याजात रुपया-दोन रुपयांचा फरक पडायचा, कारण आम्ही हाताने महिन्यावर काढत होतो आणि सॉफ्टवेअर दिवसावर काढतं. तेवढं तात्याच समजावून सांगत.

माहिती भरायला गावातलीच बी.कॉम. झालेली एक मुलगी घेतली. पहिले काही दिवस तात्यांनी सांगायचं आणि तिने भरायचं. मग मी ते उलटं करायला लावलं: तिने वहीतून वाचायचं, तात्यांनी कळफलकावर बसायचं. त्यांची बोटं सावकाश चालत, पण चुकीची रक्कम पडद्यावर दिसली की ती सगळ्यांआधी त्यांनाच खटके. काही काळ वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवले. दुप्पट काम होतं, कुरकुर झाली, तरी ते टाळायला मी तयार नव्हतो.

खरा बदल झाला तो कामाच्या वेळेत. पूर्वी सभासद रात्री तात्यांच्या घरी पैसे आणून देत आणि पावती सकाळी फाटत असे. यात विश्वास होता, सोयही होती. सॉफ्टवेअरमध्ये मात्र रोजचा दिवस बंद करावा लागतो. रोकड आणि पडदा जुळल्याशिवाय उद्याचा दिवस उघडत नाही. घरी पैसे घेणं थांबवलं तेव्हा लोक नाराज झाले. शेतकऱ्याने दुपारी रानातलं काम टाकून यावं हेही बरोबर नव्हतं, म्हणून कार्यालय सकाळी लवकर आणि पुन्हा दिवेलागणीला उघडू लागलो. नाराजी हळूहळू निवळली. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शून्य टक्के व्याज लागतं, आणि भरण्याची तारीख त्याच दिवशी नोंदली गेली तर ती सवलत बुडत नाही, हे लोकांनीच एकमेकांना सांगितलं.

यंदा कमाल मर्यादा पत्रक, म्हणजे कोणत्या सभासदाला किती पीककर्ज देता येईल याचा तक्ता, संगणकातूनच काढून जिल्हा बँकेकडे गेलं. शेजारच्या सोसायट्यांचे लिपिक आता शिल्लक जुळवायची अडचण घेऊन तात्यांकडे येतात. ज्या सचिवांचं काम अजून व्हायचं आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची जुळणी, लेखापरीक्षकांकडून तपासून घेतल्याशिवाय आरंभीच्या शिलका भरू नका, आणि हे काम गळीत हंगामाच्या आधी धरा. कारखान्याच्या बिलातून वसुली वळती व्हायला लागली की रोजच्या नोंदींतूनच हात मोकळा होत नाही, मग जुनी पानं कोण उघडणार?