कॉनवे प्रकरणाची पत्रं वाचताना

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला पत्रव्यवहार मुळातून वाचायचा, तर पहिली अडचण पसाऱ्याची. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'फाउंडर्स ऑनलाइन' संग्रहात वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, हॅमिल्टन वगैरेंची पत्रं फुकट आहेत, पण कागद लाखाच्या वर. म्हणून मी एकच भांडण निवडलं: १७७७-७८च्या हिवाळ्यातलं कॉनवे प्रकरण. कॉनवे हा सरसेनापती वॉशिंग्टनच्या हाताखालचा एक जनरल, आणि त्याच्या एका पत्रावरून हे भांडण पेटलं.

पार्श्वभूमी थोडक्यात. वॉशिंग्टन ब्रँडीवाइन आणि जर्मनटाउनच्या लढाया हरला होता, तर साराटोगाला ब्रिटिश फौज दुसऱ्या अमेरिकन सेनानीला, जनरल गेट्सला, शरण आली होती. काँग्रेस, म्हणजे बंडखोर वसाहतींची प्रतिनिधीसभा, फिलाडेल्फिया सोडून पेनसिल्व्हेनियातल्याच यॉर्क गावी बसली होती. सेनापती बदलावा, अशी कुजबुज तर होणारच.

नुसतं तारीखवार वाचून भागेना. इकडे लिहिलेलं पत्र तिकडे पोचायच्या आतच तिकडून दुसरं निघालेलं असायचं. मग वहीत रकाने आखले: कुणी लिहिलं, कुणाला, हाती कधी पडलं, आणि प्रत आणखी कुणाला गेली. हा शेवटचा रकानाच सगळ्यात बोलका निघाला. मायने आणि 'आपला आज्ञाधारक सेवक' छापाचे शेवट मी सरळ ओलांडत गेलो. पेशवाईतलं 'विनंती विशेष' ज्यांनी वाचलंय त्यांना हे सांगायला नको.

गेट्सचा साहाय्यक विल्किन्सन साराटोगाच्या विजयाची बातमी घेऊन रमतगमत यॉर्कला निघाला. वाटेत रेडिंगला मद्याच्या भरात बोलून गेला की कॉनवेने गेट्सला लिहिलंय: देवानेच देश वाचवायचं ठरवलं, नाहीतर दुबळा सेनापती आणि वाईट सल्लागारांनी तो बुडवलाच असता. वॉशिंग्टनचा एक जनरल लॉर्ड स्टर्लिंग याने हे वॉशिंग्टनला कळवलं. त्यावर वॉशिंग्टनने कॉनवेला काय लिहावं? काल रात्री मिळालेल्या पत्रात असं असं वाक्य आहे, एवढंच. खाली सही. ना जाब, ना शिवी. मला तरी साऱ्या प्रकरणातलं हे सर्वात कडक पत्र वाटतं.

गेट्स बिथरला. आपली पत्रं कुणीतरी चोरून उतरवली, अशी तक्रार त्याने ८ डिसेंबरला वॉशिंग्टनकडे केली आणि प्रत काँग्रेसला धाडली. संशय वॉशिंग्टनचा साहाय्यक हॅमिल्टन याच्यावर होता. ४ जानेवारीला वॉशिंग्टनचं उत्तर: तुम्ही काँग्रेसला मध्ये घेतलंत, तेव्हा मलाही उत्तर काँग्रेसमार्फतच द्यावं लागतंय, आणि बातमी फुटली ती तुमच्याच विल्किन्सनकडून. म्हणजे गेट्सने बोलावलेल्या साक्षीदारांसमोरच गेट्सची फजिती!

मधल्या काळातलं २३ डिसेंबरचं पत्र मात्र सावकाश वाचावं. व्हॅली फोर्जच्या हिवाळी छावणीतून काँग्रेसचे अध्यक्ष हेन्री लॉरेन्स यांना वॉशिंग्टन लिहितो की पायात जोडे आणि अंगावर धड कपडे नाहीत म्हणून २,८९८ माणसं कामाला निरुपयोगी झाली आहेत. उबदार खोलीत शेकोटीजवळ बसून तक्रारी लिहिणाऱ्यांवरही तो घसरतो. हा आकडा डोक्यात ठेवून परत गेट्सच्या तक्रारीकडे गेलं, की तिची खरी किंमत कळते.

लॉरेन्स यांचा मुलगा जॉन तेव्हा वॉशिंग्टनच्याच छावणीत साहाय्यक होता. त्यामुळे सरकारी टपालाखेरीज बापलेकांची एक खासगी वाटही चालू होती. ती पत्रं लॉरेन्स यांच्या वेगळ्या खंडांत आहेत. सध्या त्यांच्यासाठी वहीत नवीन पान आखलंय.