समीकरण कानाला कसं दाखवायचं?

‘ए अधिक बी छेद सी अधिक डी.’ हे ऐकून कागदावर मांडायला सांगा. चार वेगळ्या मांडण्या येतील आणि एकही चूक म्हणता येणार नाही. छेदाची रेघ कुठून कुठपर्यंत आहे हे डोळ्याला आपोआप कळतं. अंध वाचकाच्या कानाला ते सांगावं लागतं.

म्हणून सीमा उच्चारायच्या: ‘अपूर्णांक सुरू, ए अधिक बी, छेद, सी अधिक डी, अपूर्णांक संपला.’ वर्गमुळालाही हेच. घात कुठे संपला ते सांगायला तर वाचणारे हमखास विसरतात, आणि पुढचं ‘अधिक एक’ घातातलं की बाहेरचं हे कळत नाही. अंध गणितज्ञ अब्राहम नेमेथ यांची मॅथस्पीक पद्धत अशाच खुणांवर उभी आहे. अचूक, पण ऐकायला रटाळ. क्लिअरस्पीक ही दुसरी पद्धत वर्गातल्या बोलण्याच्या जवळ जाते. ‘एक द्वितीयांश’ला सुरू-संपला लावत नाही. संगणकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामन यांनी 1994 च्या प्रबंधात आवाजालाच कामाला लावलं: घातांक वरच्या पट्टीत.

तरीही वर्गसमीकरणाचं सूत्र सलग ऐकलं की छेदापर्यंत पोचताना अंश निसटतो. अशा वेळी खरा उपयोग तुकड्यातुकड्यानं फिरण्याचा. एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला गणित वाचणाऱ्या मॅथकॅटची जोड असेल तर समीकरणावर एनव्हीडीएची कळ (सहसा इन्सर्ट), ऑल्ट आणि एम एकत्र दाबा. खालच्या बाणानं आत शिरा, डाव्या-उजव्यानं शेजारच्या पदावर जा, वरच्यानं बाहेर या, एस्केपनं सुटका. छेद हवा तितक्यांदा ऐका, अंशाला हात न लावता.

समीकरण चित्र म्हणून चिकटवलं असेल तर यातलं काहीच चालत नाही. चित्राला वर्णन लिहिलंत तरी ते सलगच ऐकावं लागतं. वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबून समीकरणाची चौकट घ्या. वेबपानावर लेटेक या गणित टाइप करायच्या लिपीत लिहून ते दाखवायला मॅथजॅक्स वापरा, किंवा थेट मॅथएमएल ही वेबची गणितखुणांची भाषा द्या.

किरकोळ वाटणाऱ्या चुका जास्त नडतात. गुणाकारासाठी एक्स हे अक्षर टाकलं की ‘दोन एक्स तीन’ ऐकू येतं. वजाऐवजी हायफन टाकला, तर विरामचिन्हं कमी वाचण्याच्या सेटिंगमध्ये तो गिळला जातो आणि उणे पाचाचे पाच होतात. कंसातले ‘दोन, पाच’ हा बिंदू आहे की अंतराल, हे यंत्राला नेहमी ओळखता येत नाही. तिथे आधीच्या वाक्यात ‘बिंदू’ असं सरळ लिहावं.