जुन्या रायफलीचा दस्ता दुरुस्त करताना: माझा अनुभव

रायफल माझ्या हातात आली तेव्हा दस्ता डांबरासारखा काळा झाला होता आणि मुठीच्या जागी वीतभर चीर गेली होती. लॉकच्या, म्हणजे घोडा आणि त्याच्या कमानी धरणाऱ्या यंत्रणेच्या, पत्र्यावर मुकुट, ‘टॉवर’ ही अक्षरं आणि १८५६ हे साल. एनफिल्डचा १८५३चा नमुना: ठासणीची, टोपीवर (घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर) उडणारी, ३९ इंची नळी तीन कड्यांनी लाकडाला बांधलेली. १८५७च्या उठावाआधी ज्या काडतुसांवरून शिपाई बिथरले, ती याच नमुन्याची. तिचे कागद व्यवस्थित होते आणि ती पुन्हा उडवायची नव्हती. लाकूड वाचवायचं, एवढंच काम होतं.

ठासणीची बंदूक कितीही जुनी असली तरी ती भरलेली आहे असंच धरून चालायचं. मी गज नळीत सोडला, तोंडाशी खडूची खूण केली आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. टोक घोड्याजवळ यायला हवं होतं, ते चार बोटं अलीकडेच थांबलं. म्हणजे आत काहीतरी होतं. असं दिसलं की स्वतः उकरत बसू नये. मी ती परवानाधारक कारागिराकडे दिली. त्यांनी आतून कुंभारीण माशीचं मातीचं घर आणि त्यामागे कोंबलेली चिंधी काढली. दारू निघाली नाही, पण निघाली असती तर?

खोलताना खरी परीक्षा स्क्रूंची. जुन्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात आणि बाजारच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं. ते खाचेच्या कडेवर चढतं आणि धातू फाटतो. प्रत्येक स्क्रूसाठी मी टोक घासून दोन्ही बाजू समांतर केल्या, तेल सोडलं आणि चार दिवस थांबलो. लॉक धरणारे दोन लांब स्क्रू डाव्या बाजूने येतात. ते पूर्ण काढायचे नाहीत. घोडा अर्ध्या चापावर, म्हणजे अर्धाच मागे ओढून अडकेल तिथे, घ्यायचा, स्क्रू तीन-चार वेढे सैल करायचे आणि त्यांच्या डोक्यांवर लाकडी मुठीने हलके ठोके द्यायचे. लॉक आपणहून उजवीकडे सरकतं. वरून उचकटलं तर कडेचं लाकूड सोबत येतं. माझ्या रायफलीत कुणीतरी पूर्वी तसं उचकटलेलं होतं. लॉकच्या शेपटीमागे बोटाच्या पेराएवढा तुकडाच गायब होता.

लॉक निघालं आणि मी बराच वेळ आत बघत बसलो. खाचेच्या तळाशी पटाशीचे घाव जसेच्या तसे होते, सगळे किंचित डावीकडे कललेले. एका कोपऱ्यात पटाशी घसरली होती, तिथे नखाने ओढल्यासारखी बारीक रेघ. स्क्रूच्या डोक्याखाली कानशीने पाडलेल्या दोन खुणा, तशाच दोन लॉकच्या आतल्या बाजूला. १८५०च्या दशकाच्या अखेरीस एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातून यंत्रावर केलेल्या, भाग एकमेकांत बदलता येतील अशा रायफली निघू लागल्या. त्याआधीच्या कंत्राटी मालात मात्र प्रत्येक भाग हाताने दुसऱ्यात बसवलेला असे, म्हणून आपला स्क्रू ओळखायला अशा खुणा. त्या दिवसापर्यंत दस्ता नवा करकरीत करायचा माझा विचार होता.

तो विचार एका चुकीच्या रूपाने आधीच अमलात आला होता, याचं मला अजून वाईट वाटतं. डाव्या बाजूला स्क्रूंच्या डोक्यांखाली पितळी वाट्या असतात. पहिल्याच संध्याकाळी मी तिथे पॉलिश पेपर फिरवला होता. लाकूड उजळलं, पण वाटीची कड नखाच्या जाडीइतकी वर राहिली आणि शेजारचा ठसा अर्धा पुसला. मूळ कारागिराने धातू आणि लाकूड एकाच पातळीत उतरवलेलं असतं. लाकूड एकदा खाली गेलं की ते परत येत नाही. त्यानंतर या लाकडाला मी पॉलिश पेपर लावला नाही.

काळेपणा बहुतेक मुरलेल्या तेलाचा होता. धातूला दिलेलं तेल वर्षानुवर्षं झिरपतं आणि लाकूड मऊ करतं. अशा लाकडाला सरसही धरत नाही. खडूची पूड अ‍ॅसिटोनमध्ये कालवून जाड लेप द्यायचा, अर्थात खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास आग नसताना. वाळताना पांढरा लेप तपकिरी होतो, तेच बाहेर आलेलं तेल. मी सहा लेप दिले. सहाव्याला पांढरा लेप जवळजवळ पांढराच राहिला. मग चिरेत गरम सरस भरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, कारण गोल मुठीवर शिकंजा नीट बसत नाही. सरस यासाठी, की पुढे कुणाला उकलायचं झालं तर ऊब आणि ओलावा देऊन तो सुटतो. पोचे आलेल्या जागी ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली. दबलेले तंतू फुगून वर आले, तुटलेले मात्र तसेच राहिले.

लॉकच्या शेपटीमागे गायब झालेल्या तुकड्याच्या जागी बसवायच्या ठिगळाला सगळ्यात जास्त वेळ गेला. जुन्या मोडक्या दस्त्यातलं अक्रोडाचं लाकूड मिळवलं, रेषा त्याच दिशेने जातील असा तुकडा निवडला. काजळ तेलात कालवून लॉकच्या कडेला अगदी पातळ पुसायचं, लॉक जागेवर दाबायचं आणि काढायचं. जिथे काळा डाग उमटला तेवढाच उंचवटा पटाशीने खरवडायचा. पुन्हा काजळ, पुन्हा लॉक. चाळीसेक फेऱ्यांनंतर डाग सगळ्या कडेवर सारखा उमटला. चिकटवण्याआधी ठिगळाच्या मागे पेन्सिलीने साल लिहिलं.

धातूवरचा लाल गंज तेल आणि अगदी बारीक स्टीलवूलने काढला, तपकिरी छटा तशीच ठेवली.

शेवटी जवसाचं तेल. दोन-चार थेंब तळहातावर घेऊन लाकूड ऊबदार लागेपर्यंत चोळायचं. पद्धत जुनी आहे: आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा. हे तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना तापतं. म्हणून तेलाची फडकी चुरगाळून टाकायची नाहीत. ढिगात ती आपोआप पेट घेऊ शकतात. मी ती पाण्यात बुडवून ठेवतो.

आता पाचवा महिना चालू आहे. काळ्या थराखालून तांबूस तपकिरी रंग आणि गर्द रेषा वर आल्या आहेत. ठिगळ अजून थोडं फिकट दिसतं. त्याला मी रंग दिलेला नाही.